साच्याचे अस्तर

कारागिरीच्या इतिहासात ओतून काढलेल्या वस्तूची दखल घेतली जाते, ती घडवणाऱ्या हाताची घेतली जाते, आणि लेखक चिकित्सक असला तर साच्याचाही उल्लेख येतो. परंतु साच्याच्या आतल्या अंगावर फिरवलेला जो पातळ लेप, ज्याच्यावाचून ती वस्तू साच्यातून धडपणे बाहेर पडलीच नसती, त्याची नोंद कोणत्याही दप्तरात सहसा आढळत नाही. साबणाचे पाणी, जवसाचे तेल, लाखेचे रोगण, पाण्यात पातळ केलेला पांढरा गोंद, असल्या किरकोळ जिनसांचा हिशेब ठेवण्याची तसदी कोण घेणार? तथापि प्लॅस्टरच्या साच्याचा गेल्या पाच-सहा शतकांचा प्रवास या अस्तराच्या अंगाने पाहिला असता अधिक नीट उमगतो, असे माझे मत आहे. आणि त्या प्रवासातले अगदी अलीकडचे व काहीसे अनपेक्षित ठाणे म्हणजे अमेरिकेतील हौशी मच्छीमाराचे स्वयंपाकघर, जेथे तो गळाला लावण्याचे मऊ प्लॅस्टिकचे गांडूळ घरी केलेल्या साच्यात ओततो, आणि ओतण्यापूर्वी कित्येक दिवस त्या साच्याची रंध्रे बुजवण्याच्या खटपटीत घालवतो.

ही रंध्रे येतात कोठून, हे आधी सांगितले पाहिजे. जिप्सम हा दगड मूळचाच पाणी धरून असलेला. तो सुमारे १५० अंश सेल्सिअसपर्यंत भाजला की त्याच्या रासायनिक बंधनातील पाण्यापैकी तीन-चतुर्थांश पाणी निघून जाते आणि दगडाची पांढरी भुकटी होते; या भुकटीत पुन्हा पाणी कालवले की ती गेलेले पाणी परत घेते, सुईसारखे स्फटिक एकमेकांत गुंतत वाढू लागतात, लगदा कोमट होतो आणि पाहता पाहता घट्ट होऊन बसतो. घट्ट होताना तो आकसण्याऐवजी किंचित फुगतो, म्हणूनच बोटांच्या ठशावरील रेषासुद्धा तो टिपून घेतो. इथवरची हकिकत शाळेतल्या रसायनशास्त्रात येते. साच्याच्या दृष्टीने महत्त्वाचा भाग पुढचा आहे. १०० भाग भुकटीचा पुन्हा दगड होण्यास जेमतेम १९ भाग पाणी पुरते, पण तेवढ्या पाण्यात ती ओतण्याजोगी कालवताच येत नाही. त्यासाठी ६० ते ७० भाग पाणी घालावे लागते. हे जास्तीचे पाणी स्फटिकांच्या सांदीकोपऱ्यांत अडकून राहते आणि साचा वाळला की आपल्या जागी सूक्ष्म पोकळ्यांचे जाळे सोडून निघून जाते. डोळ्यांना संगमरवरासारखा भासणारा कोरडा प्लॅस्टर ओठांना लावून पाहावा. तो तत्काळ चिकटतो, कारण ओठांवरचा ओलावा त्याने शोषून घेतलेला असतो. ही त्याची तहान आहे, आणि ती कधी उपकारक तर कधी घातक ठरते. साच्यात काय ओतायचे आहे, यावर सर्व मामला अवलंबून असतो.

पॅरिसचे नाव या द्रव्याला चिकटले ते मोंमार्त्र टेकडीखालच्या जिप्समच्या खाणींमुळे. त्याच खाणींतून निघालेल्या हाडांवरून फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ क्युव्हिएने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी नामशेष सस्तन प्राण्यांचे सांगाडे जुळवले, आणि त्याच्याही पूर्वी, १७६५ साली, रसायनज्ञ लाव्हॉझिएने अवघ्या एकविसाव्या वर्षी फ्रेंच विज्ञान अकादमीपुढे वाचलेला पहिला निबंध जिप्समवरच होता; भाजताना दगडातून जाते ते पाणी आणि घट्ट होताना परत येते तेही पाणीच, हे त्याने मोजमाप करून दाखवले. पण ओतारी लोकांनी शास्त्रज्ञांची वाट पाहिली नव्हती. इटालियन चित्रकार चेन्निनो चेन्निनी याने १४०० च्या सुमारास लिहिलेल्या हस्तपुस्तिकेत जिवंत माणसाच्या चेहऱ्याचा ठसा कसा घ्यावा याची सविस्तर तजवीज सांगितली आहे. चेहऱ्याला गुलाबाचे सुगंधी तेल चोळावे, श्वासासाठी नाकपुड्यांत पितळेच्या किंवा चांदीच्या नळ्या बसवाव्यात, मग प्लॅस्टर चढवावे. आणि ज्याचा ठसा घ्यायचा तो राजा, पोप वा बादशहा असेल तर प्लॅस्टर कोमट गुलाबपाण्यात कालवावे, इतरांसाठी मात्र विहिरीचे किंवा नदीचे कोमट पाणी पुरे. शिष्टाचाराचा दस्तुर रसायनापर्यंत कसा पोहोचतो याचा हा सुरेख नमुना आहे, कारण प्लॅस्टरला गुलाबपाणी आणि नदीचे पाणी यांतला भेद कळत नाही. त्याच ग्रंथात पशू, पक्षी आणि मासे यांचे ठसे घेण्याविषयीही चेन्निनी लिहितो, आणि ते प्राणी मेलेले असावेत असे बजावतो. स्थिर बसून राहण्याची समज त्यांना नसते, हे त्याचे कारण. माशाच्या अंगाचा ठसा प्लॅस्टरमध्ये घेण्याची कल्पना एवढी जुनी आहे.

पुढे चरित्रकार वासारीने शिल्पकार वेरोक्कियोच्या चरित्रात सांगितले आहे की फ्लॉरेन्समध्ये मृतांच्या मुखाचे ठसे घेण्याची चाल त्याच्या काळी फैलावली आणि घरोघरी दारांवर व धुराड्यांच्या कट्ट्यांवर पूर्वजांचे चेहरे दिसू लागले. परंतु आपल्या विषयाशी अधिक जवळचे नाते आहे ते सोळाव्या शतकातील फ्रेंच कुंभार बेर्नार पालिसी याचे. हा मनुष्य विक्षिप्त, हट्टी आणि धर्मश्रद्धेपायी अखेर बास्तीयच्या तुरुंगात मरण पावलेला. पण त्याच्या थाळ्यांवरचे मासे, साप, सरडे, बेडूक आणि शिंपले पाहिले की त्याच्या निरीक्षणशक्तीपुढे मान तुकवावी लागते. निरीक्षण म्हणावे तर तेही पुरते खरे नव्हे, कारण हे प्राणी त्याने हाताने घडवलेलेच नाहीत. खरा मासा, खरा सरडा थाळीवर मांडून, त्यांवर स्निग्ध लेप देऊन, वर प्लॅस्टर ओतून त्याने साचे घेतले आणि त्या साच्यांत माती दाबून खवल्यानखवला उतरवला. राजमाता कातरीन द मेदिचीच्या आश्रयाने पॅरिसच्या तुइलरी बागेत त्याने कारखाना थाटला होता. तेथील उत्खननांत त्याच्या भट्ट्यांचे अवशेष आणि साच्यांचे तुकडे सापडले आहेत. येथे एक सूक्ष्म गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. साचा घेताना त्याला स्निग्ध लेप हवा होता, म्हणजे प्लॅस्टर माशाला चिकटू नये. पण त्याच साच्यात माती दाबताना तसला लेप कामाचा नव्हता, कारण प्लॅस्टरने मातीतले पाणी पिऊन घेतल्याशिवाय माती आकसत नाही, आणि आकसल्याशिवाय सुटत नाही. म्हणजे एकाच कारागिराच्या एकाच दिवसाच्या कामात अस्तर एकदा आवश्यक आणि एकदा निषिद्ध होते.

कुंभारांच्या धंद्याने पुढे या तहानेवरच आपली सारी इमारत उभी केली. इंग्लंडात स्टॅफर्डशायरच्या कुंभारवाड्यांत प्लॅस्टरचे साचे १७४५ च्या सुमारास आले, आणि ते फ्रान्समध्ये पाहून येणाऱ्या कोब्रिजच्या राल्फ डॅनियलकडे त्याचे श्रेय परंपरेने दिले जाते. साच्यात मातीची पातळ राबडी ओतायची, भिंतींनी पाणी शोषून घेतले की कडेला मातीचा थर जमतो, उरलेली राबडी उपडी करून काढायची, आणि काही वेळाने आतले पोकळ भांडे आपोआप भिंतीपासून सुटून येते. येथे साच्याला तेलाचा हात लागणे म्हणजे साचा बाद होणे. तरीही याच कारखान्यांत साच्यांचे साचे करण्याचे जे काम चाले, तेथे प्लॅस्टरवर प्लॅस्टर ओतावे लागे, आणि प्लॅस्टर प्लॅस्टरला इतके घट्ट धरतो की मधे आडपडदा नसेल तर दोन्ही मिळून एकच धोंडा होतो. तो आडपडदा मऊ साबणाचा असे. ब्रशाने साबणाचे पाणी चढवावे, स्पंजाने पुसावे, पुन्हा चढवावे, पुन्हा पुसावे, असे करीत करीत पृष्ठभागावर मंद चकाकी आली की काम झाले. यात केवळ बुळबुळीतपणाचे काम नाही. जिप्सम पाण्यात अत्यल्प का होईना विरघळतो. त्यातील चुन्याचा अंश साबणाशी संयोग पावून न विरघळणारा साबण तयार होतो आणि तो रंध्रांच्या तोंडांशीच जाऊन बसतो. दख्खनच्या खाऱ्या विहिरीवर धुणे धुताना साबणाला फेस न येता पाण्यावर जी पांढरट साय धरते, तीच ही. तिथे ती गृहिणीची डोकेदुखी असते, इथे ती ओताऱ्याचा आधार होते.

शिल्पकारांच्या कार्यशाळेत साबणाच्या जोडीला लाख आली, आणि येथे आपल्या देशाचा या कथेत खराखुरा प्रवेश होतो. पळस, बोर, कुसुम या झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर वसणाऱ्या इवल्याशा किड्यांचे हे स्रवण, छोटा नागपूरच्या पठारावर सर्वांत विपुल, आपल्या पूर्व विदर्भाच्या रानांतही मिळणारे. ते गाळून चपडा करायचा आणि कलकत्त्याच्या बंदरातून जगभर पाठवायचा, हा व्यापार कंपनी सरकारच्या अमदानीपासून भरभराटीला आला. चपडा स्पिरिटमध्ये विरघळवला की जे रोगण होते, त्याचे दोन-तीन हात दिले असता प्लॅस्टरची तहान भागते आणि वर तेलाचे बोट फिरवले की दुसरा प्लॅस्टर त्याला धरत नाही. मुंबईच्या सुतारांनी हेच रोगण फर्निचरच्या पॉलिशसाठी वापरले, ग्रामोफोनच्या तबकड्या याच लाखेच्या झाल्या, आणि मूर्तिशाळेतल्या साच्यांच्या पोटातही तीच गेली. लाखेचे महत्त्व सरकारला इतके वाटत होते की रांचीजवळ नामकुम येथे १९२४ साली तिच्या संशोधनासाठी स्वतंत्र संस्था उभारण्यात आली.

मुंबईत प्लॅस्टरच्या ओतकामाला प्रतिष्ठा मिळाली ती १८५७ साली स्थापन झालेल्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेमुळे. १८६५ साली लॉकवुड किपलिंग तेथे वास्तुशिल्पाचा अध्यापक म्हणून आला. ग्रीक पुतळ्यांच्या प्लॅस्टरच्या प्रतिकृतींवरून चित्र काढण्याचा परिपाठ तेथील विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांनी गिरवला. १८६८ साली सरकारी हुकुमावरून कलाशाळेची एक तुकडी अंबरनाथच्या शिलाहारकालीन शिवालयावर जाऊन राहिली आणि तिने त्या काळ्या दगडावरील नक्षीची रेखाटने केली व तिचे साचे घेतले. असल्या कामाची अडचण कोणाच्याही चटकन लक्षात येणार नाही. खोल कोरलेल्या आकृतीच्या मागे प्लॅस्टर शिरला की तो दगड फोडल्याशिवाय परत येत नाही. तेव्हा साचा लहान लहान तुकड्यांत घ्यावा लागतो, प्रत्येक तुकड्याची कड साबणाने वा रोगणाने माखून त्याला लागून पुढचा तुकडा ओतावा लागतो, आणि सर्वांवर एक मोठे कवच चढवून तो जमाव एकत्र बांधावा लागतो. पुढल्याच वर्षी लेफ्टनंट हेन्री हार्डी कोल याने सांचीच्या पूर्व तोरणाची प्रतिकृती घेतली तेव्हा प्लॅस्टरच्या जोडीने लवचीक सरसाचे साचे वापरले. सरसाचा साचा वाकतो, म्हणून नक्षीतून सुटतो. पण प्लॅस्टर घट्ट होताना येणाऱ्या उष्णतेने आणि ओलीने तो विरघळूही शकतो, म्हणून त्याला तुरटीच्या पाण्याने निब्बर करून वर रोगण द्यावे लागे. म्हणजे कधी प्लॅस्टरला दुसऱ्यापासून, तर कधी दुसऱ्याला प्लॅस्टरपासून राखायचे.

गणपतराव म्हात्रे यांची ‘मंदिरपथगामिनी’, जिने १८९६ च्या सुमारास एका विद्यार्थ्याला एकदम कीर्तीच्या शिखरावर नेले, ती मूर्ती प्लॅस्टरचीच. मातीत घडवलेल्या मूर्तीवरून असे एकच ओतीव काढायचे असेल तर मोडता साचा घेण्याची रीत आहे. पहिला पातळ थर नीळ मिसळलेल्या प्लॅस्टरचा द्यायचा, वर पांढरा जाड थर. आतली माती कोरून काढून, साच्याला साबण देऊन आत प्लॅस्टर ओतायचा, आणि मग छिन्नीने बाहेरून साचा फोडत जायचे. निळा रंग दिसला की हात आवरायचा, कारण त्याच्या खाली मूर्तीची कातडी असते. साबण नीट बसला असेल तर निळा पापुद्रा टवक्याटवक्यांनी सुटतो. एखाद्या जागी तो राहून गेला असेल तर नाकाचा शेंडा साच्याबरोबर जातो. पेणच्या गणपती कारखान्यांत शाडूची माती साच्यात दाबली जात असे तेव्हा कुंभाराचा न्याय लागू होता, साच्याने पाणी प्यावे हेच इष्ट. तेथे मूर्तीच प्लॅस्टरची झाली तेव्हा प्लॅस्टरचा साचा मागे पडून रबराचा आला, आणि तहानेचा प्रश्नच मिटला. मूर्ती विसर्जनानंतर विरघळत नाही, हा वाद त्यातून पुढे उद्भवला. पण तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

आतापर्यंतच्या सर्व प्रकारांत साच्यात ओतलेला पदार्थ एक तर थंड होता किंवा पाणीदार होता. विसाव्या शतकाच्या मध्याला एक निराळाच पाहुणा आला. अमेरिकेच्या ओहायो संस्थानातील ॲक्रन हे रबराचे शहर, गुडरिच, गुडइयर, फायरस्टोन या टायरच्या कारखान्यांचे माहेर. तेथे गुडरिचच्या प्रयोगशाळेत १९२६ साली वाल्डो सेमन हा रसायनज्ञ रबर धातूला चिकटवण्याचे द्रव्य शोधत होता. पॉलिव्हिनिल क्लोराइड, ज्याला आज आपण पीव्हीसी म्हणतो, हे त्या वेळी ठिसूळ आणि कोणालाच नको असलेले द्रव्य होते. सेमनने ते न उडणाऱ्या जड द्रावकांत तापवले. चिकटवण्याच्या कामी ते आले नाही, पण निवल्यावर हाती लागला रबरासारखा लवचीक गोळा. रेनकोट, पडदे, तारांची वेष्टने अशा मार्गाने हे व्हिनिल घरोघर शिरले. १९४८ मध्ये कोलंबिया कंपनीने दीर्घकाळ वाजणारी तबकडी बाजारात आणली ती व्हिनिलची; लाखेच्या तबकड्यांचा अंमल तेथून ओसरू लागला, जरी आपल्याकडे ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या तबकड्या त्यानंतरही बरीच वर्षे निघत राहिल्या. आणि लगोलग १९४९ साली त्याच ॲक्रन शहरात निक क्रीम नावाच्या मासेमारीच्या शौकीन गृहस्थाने पत्नी कॉस्मा हिच्या साहाय्याने घरच्या चुलीवर व्हिनिल, तेले आणि रंग शिजवून, खऱ्या गांडुळावरून घेतलेल्या साच्यात ओतून, मऊ प्लॅस्टिकचे गांडूळ तयार केले.

रबराची कृत्रिम आमिषे तत्पूर्वीही होती, पण ती राठ असत. माशाने तोंडात घेतली की लगेच थुंकून टाकावी अशी. क्रीमचे गांडूळ बोटांत धरले तर लुळे पडत असे, पाण्यात हलत असे, आणि मासा ते क्षणभर तरी धरून ठेवी. तेवढा क्षण गळ टाकणाऱ्याला पुरतो, हे कोकणात गरवायला जाणाऱ्या कोणालाही सांगण्याची गरज नाही. प्रथम टपालाने, मग दुकानांतून ते विकले जाऊ लागले; पुढे क्रीमचा कारखाना टेक्सासमधील टायलर येथे गेला. युद्धोत्तर काळात दक्षिणेकडील संस्थानांत धरणांमागे प्रचंड जलाशय निर्माण झाले होते, त्यांच्या तळाशी बुडालेली रानेच्या राने उभी होती, आणि त्या झाडोऱ्यात बास जातीचा मासा दडून बसे. साधा गळ तेथे पदोपदी अडकतो; मऊ गांडुळाच्या अंगात मात्र गळाचे टोक रुतवून लपवता येते, ते फांद्यांतून निसटत जाते आणि माशाने चावा घेतल्यावरच टोक बाहेर पडते. या एका सोयीने प्लॅस्टिकच्या गांडुळाचे भाग्य उजळले.

मात्र आमिषे फाटतात, तुटतात, पाण्यात जातात. शिवाय प्रत्येक शिकाऱ्याची अशी ठाम समजूत असते की आपल्या तळ्यातल्या माशाला बाजारात न मिळणारी एखादी विशिष्ट जांभळी छटाच आवडते. म्हणून घरी ओतण्याचा छंद फोफावला. विकत मिळणारा कच्चा रस दुधासारखा दिसतो: पीव्हीसीचे बारीक कण मऊपणा आणणाऱ्या तेलकट द्रवात तरंगत असतात. तापवू लागले की तो प्रथम दाटतो, गुठळ्या धरतो, नवशिक्याला वाटते बिघडले. मग १७५ अंशांच्या आसपास एकाएकी पारदर्शक आणि पातळ होतो. याहून फार तापवला तर पिवळा पडतो आणि त्यातून घशाला झोंबणारी हायड्रोजन क्लोराइडची वाफ निघते, म्हणून शहाणा मनुष्य खिडकी उघडी ठेवतो. फाटकी आमिषे पुन्हा वितळवता येतात, हीही त्यातली काटकसर.

आता हा १७५ अंशांचा रस प्लॅस्टरच्या उघड्या साच्यात ओतला तर काय होते? रंध्रांत राहिलेल्या ओलाव्याची तत्क्षणी वाफ होते आणि गांडुळाच्या पाठीवर बुडबुड्यांचे फोड उठतात. साचा बराच ओला असेल तर रस तडतडून हातावर उडतो, आणि ही जखम साधी नसते, कारण चिकट रस कातडीवरून झटकता येत नाही. बरे, साचा महिनाभर वाळवला, गालाला लावून थंड लागत नाही अशी खात्री करून घेतली, तरी प्रश्न सुटत नाही. वर सांगितलेच आहे की जिप्सम १५० अंशांपर्यंत तापला की आपले बंधनातले बरेचसे पाणी सोडतो. म्हणजे कोरड्या ठणठणीत साच्यालाही तापलेला रस लागला की त्याच्या पृष्ठभागावर पुन्हा भट्टीतलीच क्रिया सुरू होते. थोडी वाफ निघते आणि दगडाची पुन्हा भुकटी होऊ लागते. कुंभाराच्या साच्याने बाहेरचे पाणी प्यायचे असते. या साच्याने आपले स्वतःचे पाणी ओकू नये, एवढीच अपेक्षा असते. घरी साचा करणाऱ्यांनी हे सूत्र कोणत्या ग्रंथात वाचले नव्हते, पण वीसेक ओतिवांनंतर साच्याच्या कडा खडूसारख्या झडू लागल्या की ते हाताला आपोआप कळते.

लाख येथे उपयोगी पडली नाही. ७५-८० अंशांनाच ती मऊ होते, आणि गांडूळ साच्याला चिकटून बसते. जिला व्हिनिलने तबकडीच्या धंद्यातून हुसकावले, तिला साच्याच्या पोटातूनही त्यानेच बाहेर काढले, असे म्हणावयास हरकत नाही. साबणही पुरेसा नव्हता. घरगुती ओताऱ्यांनी मग इंजिनाला लावायचा उष्णतारोधक रंग, लाकडाचे पॉलियुरेथेन रोगण, दोन भाग मिसळून घट्ट होणारी इपॉक्सी राळ असे जे जे दुकानात मिळेल ते ते लावून पाहिले. आणि त्या सर्वांत स्वस्त व म्हणूनच सर्वाधिक प्रचलित उपाय ठरला तो शाळकरी मुलांच्या दप्तरातला पांढरा गोंद. त्याची रीत अशी. वाळलेल्या साच्यावर सम प्रमाणात पाणी घातलेल्या गोंदाचा पहिला हात द्यायचा; तो बघता बघता आत जिरतो आणि पृष्ठभाग जणू काही लावलेच नव्हते असा मख्ख दिसतो. तो पूर्ण वाळू द्यायचा, मग दुसरा, मग तिसरा, प्रत्येक वेळी ब्रश जवळजवळ कोरडा करून, कारण गांडुळाच्या वळ्यांत किंवा झिंग्याच्या पायांच्या खाचांत गोंदाचे थेंब साचले तर ती नक्षी कायमची भरून जाते. पाण्याचा थेंब साच्यावर टाकला असता तो न जिरता मण्यासारखा उभा राहिला की रंध्रे बुजली म्हणायची. या रीतीत एक विसंगती आहे खरी: ज्या पाण्याला हाकलण्यासाठी एवढा आटापिटा, तेच पाणी गोंदाबरोबर प्रत्येक हाताला आपण पुन्हा आत घालत असतो. म्हणून शेवटच्या हातानंतर साचा पुन्हा काही दिवस वाळवायचा. घाई झाली म्हणून भट्टीत टाकायचा नाही, कारण फार तापवले तर साचाच भाजला जाऊन भुसभुशीत होतो. ओतण्यापूर्वी तेलाचा पुसट हात द्यायचा. इपॉक्सीचे काम अधिक टिकाऊ, साचा किंचित गरम करून ती लावली तर खोलवर मुरते आणि तिच्या चकाकीमुळे आमिषालाही चकाकी येते. पण ती महाग, आणि चुकीच्या जागी जमलेली इपॉक्सी नंतर खरवडून निघत नाही.

पांढरा गोंद म्हणजे पॉलिव्हिनिल ॲसिटेट. आणि हे द्रव्य १९१२ साली जर्मनीत ज्याने प्रथम तयार केले त्या फ्रिट्झ क्लाट्टेनेच, ग्रीसहाइम-एलेक्ट्रॉन या कारखान्यात काम करीत असता, पुढल्याच वर्षी पॉलिव्हिनिल क्लोराइड बनवण्याच्या कृतीचा एकाधिकार नोंदवला होता. त्या कारखान्याला त्याचा फारसा उपयोग करून घेता आला नाही. तेव्हा साच्याच्या भिंतीवर बसणारे आणि त्या भिंतीला टेकून निवणारे, ही दोन्ही द्रव्ये एकाच संशोधकाच्या टेबलावरची भावंडे होत. एकाच साच्यात ती इतक्या जवळ येतील अशी कल्पना क्लाट्टेला असणे शक्य नव्हते.

आज या छंदात सिलिकोन रबराचे आणि यंत्रावर कोरलेल्या ॲल्युमिनियमचे साचे आले आहेत. सिलिकोन २०० अंशांनाही दाद देत नाही, ॲल्युमिनियमला रंध्रेच नाहीत; दोहोंनाही अस्तर नको. व्यापारी प्रमाणावर काम करणाऱ्याने तेच घ्यावेत, त्यात वाद नाही. पण एक नवा आकार सुचला आणि तो दोन-तीन डझन ओतून तळ्यावर अजमावून पाहायचा आहे, अशा माणसाला प्लॅस्टरची पिशवी आणि गोंदाची बाटली अजूनही परवडते. अस्तर झिजले की तो पुन्हा एक हात देतो. साचा तडकला की उरलेल्यांपैकी सर्वांत चांगले गांडूळ पेटीच्या तळाशी चिकटवून त्यावर नवा साचा ओततो. येथेच त्याची गफलत होते. प्रत्येक नव्या साच्याच्या भिंतीवर गोंदाचे आणखी दोन-तीन पापुद्रे चढतात आणि त्या जाडीएवढी नक्षी दर पिढीला बुजत जाते, त्यामुळे तिसऱ्या-चौथ्या साच्यातून निघालेले गांडूळ अंगाने बारीक आणि वळ्यांनी पुसट येते. म्हणून अनुभवी ओतारी लाकडात कोरलेला पहिला नमुना कापडात गुंडाळून जपतो, आणि नवा साचा घ्यायचा तो त्याच्यावरूनच घेतो.